नेमणूक सरकारची, इमान पदाचं

२१ जुलै २०२३. राहुल गांधींच्या मानहानी प्रकरणातली याचिका सर्वोच्च न्यायालयापुढे आली होती. युक्तिवाद सुरू होण्याआधीच न्या. भूषण गवई यांनी दोन्ही बाजूंना स्वतःच्या घरची गोष्ट सांगितली. वडिलांचे काँग्रेसशी अनेक वर्षांचे संबंध होते, भाऊ आजही राजकारणात आहे. कुणाची हरकत असेल तर सांगा. दोन्ही बाजूंच्या वकिलांनी हरकत नसल्याचं सांगितलं आणि सुनावणी पुढे सरकली.

ते घर आपल्या वऱ्हाडातलं. दर्यापूर तालुक्यातलं दारापूर हे गवईंचं गाव. ३० ऑक्टोबर १९२९ रोजी इथे जन्मलेले भूषण गवईंचे वडील रा. सू. गवई, म्हणजे दादासाहेब, १९६४ पासून तीस वर्षं विधान परिषदेत होते. आधी उपसभापती आणि १९७८ ते १९८२ सभापती. त्या चार वर्षांत मुंबईत सरकारं बदलली, १९८० मध्ये राष्ट्रपती राजवट आली, विधानसभा बरखास्त झाली. परिषद मात्र बरखास्त होत नाही. दर दोन वर्षांनी तिचे एक तृतीयांश सदस्य निवृत्त होतात, सभागृह कायम राहतं. सभापती निवडून येतो पक्षांच्या मतांवर, पण खुर्चीत बसला की विरोधकालाही बोलायला वेळ द्यावा लागतो.

दादासाहेबांना वकील व्हायचं होतं, ते राहून गेलं. अमरावतीत फ्रेझरपुऱ्यातल्या नगरपालिकेच्या शाळेत शिकलेल्या त्यांच्या मुलाला वास्तुविशारद व्हायचं होतं. वडिलांच्या इच्छेखातर तो वकिलीकडे वळला. १९८५ मध्ये भूषण गवईंनी सनद घेतली. पुढे नागपूर खंडपीठात नागपूर आणि अमरावती महापालिका, अमरावती विद्यापीठ यांची बाजू मांडली. १९९२-९३ मध्ये ते सहायक सरकारी वकील होते, तर १७ जानेवारी २००० रोजी खंडपीठाचे सरकारी वकील आणि सरकारी अभियोक्ता झाले.

ही दोन वेगळी कामं आहेत. सरकारी वकील शासनाविरुद्धच्या याचिकांत शासनाची बाजू मांडतो, अभियोक्ता फौजदारी प्रकरणं चालवतो. उच्च न्यायालयातल्या अभियोक्त्याची नेमणूक सरकार करतं, पण न्यायालयाशी विचारविनिमय करून. पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २४ खाली, आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८ खाली. सरकारी वकिलाकडे मंत्रालयातून फाईल येते, शपथपत्र तयार होतं. आदेशच चुकीचा असेल, तर तो कोर्टात टिकणार नाही हे अधिकाऱ्याला तोंडावर सांगावं लागतं. आरोपीच्या बाजूचा कागद हाती लागला, तर तोही न्यायालयापुढे ठेवावा लागतो. अशील सरकार असलं, तरी अभियोक्त्याचं काम आरोपीला कसंही करून शिक्षा मिळवून देण्याचं नाही.

२००० मध्ये राज्यात काँग्रेस-राष्ट्रवादीचं सरकार होतं आणि दादासाहेब काँग्रेसच्या मित्रपक्षाचे नेते होते. त्यामुळे नेमणुकीत घराचं वजन किती, हा प्रश्न कुणीही विचारील आणि तो विचारलाच पाहिजे. सरकारी वकिलांच्या नेमणुकांवर सत्तेची सावली असते, हे कोर्टाच्या आवारात सगळ्यांना ठाऊक असतं. मला वाटतं, या प्रश्नाला नेमणुकीच्या दिवशी उत्तर मिळत नाही. माणूस पुढे कसा वागतो, त्यातून ते हळूहळू मिळत जातं. म्हणूनच २१ जुलैचा तो प्रसंग मला मोलाचा वाटतो. घरचं राजकारण सगळ्यांना माहीत होतं, तरी त्यांनी ते भर न्यायालयात स्वतःहून सांगितलं.

२००३ मध्ये ते उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले, २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १४ मे २०२५ रोजी सरन्यायाधीश. २५ जुलैला, दादासाहेबांच्या स्मृतिदिनी, ते दारापूरला आले. दर्यापुरात न्यायालयाच्या नव्या इमारतीचं उद्घाटन केलं. निवृत्तीनंतर कोणतंही सरकारी पद घेणार नाही, हेही त्यांनी जाहीर करून टाकलं होतं. तरुणपणी सरकारची वकिली केलेल्या या माणसाने शेवटी सरकारकडून कोणतंही पद घ्यायचं नाही असं ठरवलं. आज जिल्हा न्यायालयात पहिल्यांदा सरकारची फाईल हाती घेणाऱ्या वऱ्हाडातल्या प्रत्येक तरुण वकिलाने हे ध्यानात ठेवावं.