स्टील गिटारचा खर्ज

ठाणे-बेलापूर रस्त्यालगतचे पावणे हे गाव आज नवी मुंबईच्या औद्योगिक पट्ट्यात सामावले गेले आहे. तेथील एखाद्या विजेच्या रोहित्राजवळ क्षणभर उभे राहिले असता एक संथ गुणगुण कानी पडते. भारतातील वीज सेकंदास ५० आवर्तने करते आणि प्रत्येक आवर्तनात रोहित्राचा लोखंडी गाभा दोनदा थरारतो. म्हणून ही गुणगुण मुख्यतः सेकंदास १०० आंदोलनांची असते. ती खालच्या स्वराची खरी, पण तिला कोणी खर्ज म्हणणार नाही. स्वर खालचा असणे वेगळे आणि तो भरदार असणे वेगळे. स्टील गिटार वाजविणाऱ्यास हा भेद पदोपदी जाणवतो.

ही गिटार मांडीवर अथवा चौकटीवर आडवी ठेवतात. डाव्या हातातील पोलादी दांडी तारांवरून सरकते व उजव्या हाताच्या नख्या तारा छेडतात. ही पद्धत हवाई बेटांत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ झाली आणि १९३२ च्या सुमारास तिला विजेची जोड मिळाली. मुंबईच्या चित्रपटसंगीतात व्हॅन शिपली व हजारा सिंग यांनी या वाद्याचा सूर लोकप्रिय केला, तर अली अकबर खाँ यांचे शिष्य ब्रिजभूषण काब्रा यांनी त्यावर रागदारी आळविली. १९६७ सालच्या ‘कॉल ऑफ द व्हॅली’ या ध्वनिमुद्रिकेत शिवकुमार शर्मा व हरिप्रसाद चौरसिया यांच्या जोडीस काब्रा यांचीच गिटार आहे.

पेडल स्टील गिटार ही याच वाद्याची पुढची पायरी होय. तिला बहुधा दहा तारा असतात. पायाखालचे पेडल किंवा गुडघ्याजवळची दांडी दाबली की ठराविक तारांचा ताण बदलून स्वर चढतो वा उतरतो. अमेरिकेत १९५४ साली बड आयझॅक्स यांच्या वादनामुळे ही युक्ती प्रसिद्धीस आली. हिच्या ‘सी सहा’ या मेळात दहावी तार सेकंदास सुमारे ६५ आंदोलनांची असते. तारेची मोकळी लांबी मात्र अवघी २४ इंचांच्या आसपास. सुरबहार जो खर्ज लांब तारेने साधते, तो येथे जाड तारेने साधावा लागतो. भरीव जाड तार ताठर असल्याने तिचे वरचे स्वर बेसूर होतात. म्हणून बारीक गाभ्यावर दुसरी तार गुंडाळून ती जड करतात. या गुंडाळीत घाम व मळ साचला की तार बोदी होते. आवाज पोकळ वाटू लागताच पुष्कळ वादक नवे यंत्र घेण्याच्या विचारात पडतात. वास्तविक प्रथम तार बदलून पाहावी. खर्च थोडा आणि गुण मोठा.

भरदारपणा म्हणजे काय, हे मिरजेचा तंबोरा उत्तम सांगतो. त्याची खर्जाची तार छेडली असता मूळ स्वराबरोबर जवारीमुळे स्वयंभू स्वर फुलतात आणि जाणत्या कानास त्यांत गांधारही ऐकू येतो. कानाचा धर्म असा की, ६५ आंदोलनांचा मूळ स्वर क्षीण असला तरी १३०, १९५, २६० ही त्याची पटीतील आंदोलने स्वच्छ ऐकू आली, तर मन मूळ स्वर आपण होऊन भरून काढते. लहानशा रेडिओवरही तंबोऱ्याचा खर्ज ओळखू येतो तो याचमुळे. तेव्हा खर्ज वाढावा म्हणून वरचे स्वर दाबून टाकणारा वादक आपल्याच खर्जाचा आधार काढून घेत असतो.

यानंतरचा उपाय उजव्या हातात आहे. तार घोडीजवळ छेडली तर आवाज चिरका येतो; हात दांडीच्या दिशेने सरकविला की मूळ स्वराचा अंश वाढतो. दांडी वर गेली की कंप पावणारी तार आखूड होते, म्हणून हातानेही त्या मानाने आपली जागा बदलली पाहिजे. दांडी जड असावी आणि जाड तारेवर ती नीट टेकलेली असावी. ती सैल पडली तर तार झणझणते व आस तुटते. दांडीच्या मागे उरलेला तारांचा भाग डाव्या हाताच्या मोकळ्या बोटांनी शांत ठेवावा.

तारेचे कंपन विजेत रूपांतरित करणारा पिकअप घोडीपाशी असतो. तेथे मूळ स्वराचे कंपन अल्प असल्यामुळे या वाद्याचा खर्ज मुळातच थोडा उघडा पडतो. त्यावर उपाय म्हणून पिकअप तारांना अगदी भिडविण्याचा मोह होतो. परंतु त्यातील चुंबक जाड तारेस ओढू लागला की तिचे कंपन बिघडते आणि आस कमी होते. तो किंचित खाली घेऊन ध्वनिवर्धकाचा जोर वाढविणे अधिक हितकर.

ध्वनिवर्धकावरील खर्जाची कळ सर्वांत शेवटी फिरवावी. खालच्या स्वरास शक्ती फार लागते. लहान यंत्रावर ती कळ पूर्ण फिरविली तर यंत्र थकते आणि सारेच स्वर फाटतात. मधल्या स्वरांचा गोंगाट थोडा उतरविला तर खर्ज न वाढविताही वर येतो. या वाद्यास पंधरा इंची कर्णा अनेक वादक पसंत करतात. तो जमिनीवर भिंतीलगत ठेवला तर खर्ज आपोआप वाढतो. कोपऱ्यात नेला तर मात्र घुमण्याचीच भीती.

खोलीही फसविते. ६५ आंदोलनांच्या स्वराची अर्धी लाट साडेआठ फुटांहून थोडी अधिक भरते. जवळपास तेवढ्याच रुंदीच्या खोलीत तो स्वर भिंतीशी दणदणतो आणि मधोमध जवळजवळ नाहीसा होतो. मधोमध बसलेला वादक खर्ज नाही म्हणून कळ फिरवीत राहतो व भिंतीशी बसलेला श्रोता कानांवर हात ठेवतो! यास्तव दोन-चार ठिकाणी उभे राहून ऐकावे आणि एका वेळी एकच फेरफार करावा. नाहीतर कोणत्या उपायाने गुण आला हे कळत नाही.

पावण्यासारख्या ठिकाणी एक दक्षता आणखी घ्यावी लागते. एका वेटोळ्याचा पिकअप आसपासच्या विजेची गुणगुण टिपतो आणि खर्जाची कळ वाढविताच तीही फुगते. वाद्याची दिशा थोडी फिरविल्याने किंवा उलट जोडणीच्या दोन वेटोळ्यांचा पिकअप वापरल्याने ती बरीच शमते. गुणगुण मागे सरली की तारेचा खर्ज मोकळेपणी पुढे येतो. तो तारेत आणि हातात आधी जन्मास यावा लागतो. यंत्र आपल्यापाशी आलेले तेवढेच मोठे करून दाखविते.