अर्ध्या रेषेचा हिशेब : गुंफित चित्रसंकेताचे समकालन आणि प्रोग्रॅमेबल लॉजिक

दूरचित्रवाणीचे चित्र पडद्यावर एकदम उमटत नाही. चित्रनलिकेतील इलेक्ट्रॉनांचा झोत डावीकडून उजवीकडे एकेक रेषा आखीत वरून खाली उतरतो आणि तळाशी पोचल्यावर पुन्हा वर परततो. रेषा केव्हा सुरू करावी आणि वर केव्हा परतावे, याची आज्ञा चित्राबरोबर त्याच तारेतून पाठविली जाते. या आज्ञांना समकालन-स्पंद, अथवा व्यवहारातील शब्दात ‘सिंक’, असे म्हणतात. चित्रातील काळा रंग ०.३ व्होल्टवर आणि शुभ्र पांढरा १ व्होल्टवर असतो. स्पंद मात्र त्याही खाली, शून्य व्होल्टवर उतरतो. म्हणून तो पडद्यावर कधीच दिसत नाही, आणि दिसत नसल्यामुळे त्यातील दोषही सहजासहजी ध्यानात येत नाही. ६२५ रेषांच्या पद्धतीत असा एक दोष विशेष फसवा आहे. त्याचे स्वरूप आणि प्रोग्रॅमेबल लॉजिकवर रचना करताना तो टाळण्याचा मार्ग, यांचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

१. गुंफणीचे प्रयोजन

सेकंदाला २५ चित्रे दाखविली, तर हालचाल सलग भासते. परंतु पडदा डोळ्यांना लुकलुकताना जाणवतो. चित्रांची संख्या ५० केली, तर लुकलुकणे थांबते. परंतु संकेताला दुप्पट कंप्रताविस्तार लागतो. या पेचातून काढलेला मार्ग म्हणजे गुंफण. प्रथम एकाआड एक रेषा आखून एक अर्धचित्र पुरे करावयाचे, आणि मग मधल्या मोकळ्या जागांत दुसरे अर्धचित्र बसवावयाचे. अशाने डोळ्याला सेकंदाला ५० वेळा प्रकाश मिळतो, पण पूर्ण चित्रे २५ च पाठवावी लागतात. जर्मनीत फ्रिट्झ श्रोटर यांनी १९३० साली आणि अमेरिकेत रँडल बॅलार्ड यांनी १९३२ साली या कल्पनेची पेटंटे मागितली. २ नोव्हेंबर १९३६ रोजी बीबीसीने लंडनहून नियमित प्रक्षेपण सुरू केले, तेव्हा बेअर्ड यांची २४० रेषांची अगुंफित पद्धती आणि मार्कोनी-ईएमआयची ४०५ रेषांची गुंफित पद्धती आळीपाळीने वापरात होत्या. १९३७ च्या आरंभीच पहिली सोडून देण्यात आली. युरोपात पुढे रूढ झालेली ६२५ रेषांची पद्धती भारतानेही स्वीकारली. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई केंद्र सुरू झाले ते याच मापांवर.

२. संख्या विषम का?

४०५, ५२५, ६२५ या तिन्ही संख्या विषम आहेत, हा योगायोग नव्हे. ६२५ चे दोन समान भाग केले, तर प्रत्येक अर्धचित्राच्या वाट्याला ३१२ ॥ रेषा येतात. पहिले अर्धचित्र रेषेच्या आरंभी सुरू होते. दुसरे ३१३ व्या रेषेच्या मध्यावर सुरू होते. झोत रेषा आखीत असताना संथपणे खालीही सरकत असतो, त्यामुळे अर्ध्या रेषेच्या कालभेदाचे रूपांतर उभ्या दिशेतील अर्ध्या अंतरात होते, आणि दुसऱ्या अर्धचित्राच्या रेषा पहिल्याच्या रेषांमध्ये नेमक्या पडतात. गुंफणीसाठी याहून वेगळी कोणतीही आज्ञा संकेतात नाही. या पद्धतीचा सगळा अर्थ त्या अर्ध्या रेषेत साठविलेला आहे.

३. स्पंदांचे तीन प्रकार

एका रेषेचा अवधी ६४ मायक्रोसेकंद असतो. अर्ध्या रेषेचा ३२. रेषेच्या आरंभी येणारा नेहमीचा स्पंद ४.७ मायक्रोसेकंदांचा असतो. अर्धचित्राच्या आरंभी २७.३ मायक्रोसेकंदांचे पाच रुंद स्पंद दर अर्ध्या रेषेला एक याप्रमाणे येतात. त्यांच्या आधी पाच आणि नंतर पाच समकारी स्पंद असतात. त्यांची रुंदी २.३५ मायक्रोसेकंद, म्हणजे नेहमीच्या स्पंदाच्या निम्मी असते. तिन्ही प्रकारांची पातळी एकच असते. वृत्तात लघू आणि गुरू जसे उच्चारणाच्या अवधीवरून ओळखले जातात, तसे हे स्पंदही केवळ अवधीवरून आणि स्थानावरून ओळखले जातात.

समकारी स्पंदांचे प्रयोजन पुष्कळदा दुर्लक्षिले जाते. जुन्या धर्तीच्या ग्राहक-यंत्रात रुंद स्पंद ओळखण्यासाठी एक संधारित्र हळूहळू भारित होते, आणि विशिष्ट पातळी गाठली की झोत वर परततो. पहिल्या अर्धचित्रापूर्वीचा रेषा-स्पंद पूर्ण रेषेइतका दूर असतो आणि दुसऱ्यापूर्वीचा अर्ध्या रेषेइतका. समकारी स्पंद नसते, तर त्या संधारित्रात शिल्लक राहिलेला भार दोन्ही वेळी निरनिराळा राहिला असता आणि परतण्याचा क्षण ढळला असता. अडीच रेषांपर्यंत दोन्हीकडे सारखेच स्पंद दिल्याने हा पूर्वेतिहास पुसला जातो. त्यांची रुंदी निम्मी ठेवण्याचे कारण असे की, एका रेषेत दोन स्पंद येऊनही एकूण अवधी ४.७ च राहतो.

४. प्रोग्रॅमेबल लॉजिकवरील रचना

प्रोग्रॅमेबल लॉजिकच्या चिपमध्ये लहान लहान तर्कघटक आणि त्यांना जोडणारे मार्ग असतात. ते कसे जोडावयाचे, हे वापरणारा ठरवितो. ‘एफपीजीए’ या नावाने ओळखला जाणारा प्रकार झायलिंक्सने १९८५ साली बाजारात आणला. यात आज्ञा एकामागून एक पाळल्या जात नाहीत. क्लॉकच्या प्रत्येक ठोक्याला सर्व काउंटर एकाच वेळी पुढे सरकतात. समकालनासाठी हे फार सोयीचे आहे.

येथे बहुतेकांना सुचणारी मांडणी अशी : एक काउंटर रेषेतील स्थान मोजतो, दुसरा रेषा मोजतो. पूर्ण रेषांत मोजणाऱ्या या काउंटरला ३१२ ॥ ही संख्या धरता येत नाही. म्हणून एका अर्धचित्राला ३१२ आणि दुसऱ्याला ३१३ रेषा दिल्या जातात. हाच तो फसवा दोष होय. रेषांची बेरीज ६२५ भरते, रेषांची कंप्रता १५,६२५ हर्ट्‌झ येते, चित्रे सेकंदाला २५ होतात. मोजमापात काही वावगे आढळत नाही. पण दोन्ही अर्धचित्रे रेषेच्या आरंभीच सुरू होत असल्यामुळे ती एकमेकांवर पडतात. दृश्य ५७६ ओळींऐवजी २८८ च ओळी उरतात आणि ग्राहक-यंत्र त्याबद्दल कुरकुरही करीत नाही. १९८२ च्या झेड-एक्स स्पेक्ट्रमसारख्या घरगुती संगणकांत ३१२ रेषांची अगुंफित रचना हेतुपुरस्सर केलेली होती. पण जेथे गुंफण अपेक्षित आहे, तेथे तो उघड तोटा आहे.

उपाय एकच : मोजणीचे एकक पूर्ण रेषा न ठेवता अर्धी रेषा ठेवावे. क्लॉक २७ मेगाहर्ट्‌झचे असेल, तर अर्ध्या रेषेत बरोबर ८६४ ठोके बसतात. २५ मेगाहर्ट्‌झचे असेल, तर ८००. क्लॉकच्या कंप्रतेला ३१,२५० ने निःशेष भाग जावा, एवढीच अट. २७ मेगाहर्ट्‌झला नेहमीचा स्पंद १२७ ठोक्यांचा, समकारी ६३ चा आणि रुंद ७३७ चा होतो. ७३७ आणि १२७ मिळून ८६४ होतात, हे पडताळून पाहावे.

यानंतर दुसरा काउंटर ० ते ६२४ असा अर्ध्या रेषा मोजतो. ० ते ४ या अर्ध्या रेषांत रुंद स्पंद, ५ ते ९ आणि ६२० ते ६२४ यांत समकारी स्पंद द्यावेत. शिवाय एक बिट असा ठेवावा, की जो प्रत्येक अर्ध्या रेषेला शून्याचा एक आणि एकाचा शून्य होत राहील. १० ते ६१९ या टप्प्यात हा बिट शून्य असेल तेव्हाच नेहमीचा स्पंद द्यावा. अर्धचित्र संपले तरी या बिटला हात लावू नये. ६२५ ही संख्या विषम असल्यामुळे पुढील अर्धचित्राच्या आरंभी तो आपोआप उलटा येतो, आणि ३१८ व्या रेषेचा रिकामा उत्तरार्ध, ६२३ व्या रेषेच्या मध्यावर सुरू होणारे समकारी स्पंद, हे सारे अपवाद निराळा नियम न सांगता सिद्ध होतात. आरंभी बिट शून्य असेल तर ते पहिले अर्धचित्र, एक असेल तर दुसरे. चित्राच्या ओळी ० पासून मोजल्यास पहिल्यात सम ओळी आणि दुसऱ्यात विषम ओळी पाठवाव्यात. हा क्रम उलटला, तर तिरप्या कडा करवतीसारख्या दिसतात.

५. पडताळणी

पडताळणी कंप्रतामापकाने होत नाही, हे वर आलेच आहे. दोन मार्ग विश्वसनीय आहेत. ऑसिलोस्कोपवर पहिल्या रुंद स्पंदाचे रेषा-स्पंदांशी असलेले अंतर तपासावे. ते एका अर्धचित्रात पूर्ण रेषेच्या मापात आणि दुसऱ्यात अर्धी रेषा सरकलेले दिसले पाहिजे. अथवा चित्रनलिकेवर सबंध पांढरे चित्र देऊन भिंगातून पाहावे. रेषांमध्ये रुंद काळ्या फटी दिसल्या, तर अर्धचित्रे एकमेकांवर पडली आहेत, असे निश्चित समजावे.

नलिका-काळातील यंत्रांत ३१,२५० हर्ट्‌झच्या एकाच आंदोलकाला २ ने भागून रेषा आणि ६२५ ने भागून अर्धचित्र मिळवीत. वरील रचना म्हणजे तीच युक्ती होय. अर्ध्या मात्रेचे लाघव साधले, तरी वैयाकरणांना मोठा आनंद होतो, ही गोष्ट सर्वश्रुत आहे. येथे लाघव आहे ते नियमांचे. अर्धी रेषा मात्र सोडून चालत नाही. ती एकक मानली, तर अपवाद उरत नाहीत. ती अपवाद मानली, तर अर्धे चित्र हरवते.