एक हातपंप, पाच शाखा

नांदेडजवळ विष्णुपुरीत स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ (१९९४), श्री गुरू गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी संस्था (१९८१) आणि डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय एकमेकांच्या शेजारात आहेत. तिथल्या वेगवेगळ्या शाखांच्या मुलांनी मिळून एक संशोधन प्रकल्प घेतला, तर काम कसं चालेल? याच जिल्ह्यातला प्रश्न घेऊ. किनवट भागातल्या काही गावांच्या भूजलात फ्लोराइड जास्त आहे. भारतीय मानकानुसार ते लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत असावं. दुसरा स्रोतच नसेल तर १.५ पर्यंत चालतं. त्यापुढे वाढत्या वयातल्या मुलांच्या दातांवर डाग पडू लागतात.

पहिलं काम कागदाचं. मुलांचे दात तपासायचे म्हणजे वैद्यकीय महाविद्यालयाच्या नैतिकता समितीची परवानगी आणि पालकांची लेखी संमती हवी. याला वेळ लागतो, म्हणून सत्र सुरू होताच अर्ज जायला हवा.

मग भूशास्त्राची मुलं कोणत्या हातपंपाखाली कोणता खडक आहे ते नकाशावर मांडतात, कारण फ्लोराइड मुख्यतः खडकातून पाण्यात उतरतं. नमुने प्लॅस्टिकच्या बाटल्यांत घ्यायचे, काचेच्या नाहीत. फ्लोराइडची काचेशी प्रक्रिया होते. नमुने एकदा पावसाळ्याआधी आणि एकदा नंतर घ्यायचे. रसायनशास्त्राच्या गटाने फ्लोराइडबरोबर कॅल्शियम आणि पाण्याचा सामूही मोजायचा. कॅल्शियम कमी असलेल्या अल्कधर्मी पाण्यात फ्लोराइड जास्त टिकतं, हे कळलं की भूशास्त्रवाल्यांना पुढचा पंप निवडायला आधार मिळतो.

खरी गाठ पुढे आहे. बाटलीतला नमुना आजचं पाणी सांगतो. दात मात्र जुनं पाणी सांगतात, कारण कायमच्या दातांचं आवरण साधारण आठव्या वर्षापर्यंत घडतं. बारा वर्षांच्या मुलीच्या दातांवर डाग दिसले, तर ती चार वर्षांची असताना घरात कुठलं पाणी येत होतं ते शोधावं लागतं. ते ना प्रयोगशाळेत कळतं ना दवाखान्यात. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याने आजीशेजारी बसून विचारायचं: तेव्हा पाणी कुठून आणत होतात? घरची माणसं ऊसतोडीला जात होती का? जात असतील, तर वर्षातले काही महिने ती मुलगी दुसऱ्याच जिल्ह्यातलं पाणी पीत होती. या जुन्या पाण्याचा रकाना नसलेला तक्ता मला अर्धाच वाटतो, बाकीचे आकडे कितीही काटेकोर असले तरी.

उपायाची पाळी शेवटी येते. नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने विकसित केलेल्या नलगोंडा पद्धतीत तुरटी आणि चुना घालून फ्लोराइड गाळासोबत खाली बसवतात. साहित्य स्वस्त आहे. पण पाण्याच्या अल्कतेनुसार मात्रा ठरवावी लागते, रोज कुणीतरी ती घालायची आणि साठलेला गाळही काढायचा. तेव्हा टाकीच्या आराखड्यासोबत हे काम गावात कोण करणार, त्याचे पैसे कुठून येणार, हेही अभियांत्रिकीच्या गटाने ग्रामपंचायतीत बसून ठरवायला हवं.

एका सत्रात हे आटोपत नाही. नव्या शैक्षणिक धोरणात प्रात्यक्षिकाच्या एका श्रेयांकाला साधारण ३० तास मिळतात, आणि पावसाळा काही परीक्षेचं वेळापत्रक पाळत नाही. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठात १९९५पासून चाललेल्या ‘एपिक्स’ उपक्रमात प्रकल्प वर्षानुवर्षं चालतो, विद्यार्थी येतात-जातात. इथेही तसंच हवं: तिसऱ्या वर्षाच्या मुलांनी दुसऱ्या वर्षाच्या मुलांना सोबत गावात न्यायचं, आणि नव्या तुकडीने त्याच हातपंपांचे, त्याच महिन्यांत, पुन्हा नमुने घ्यायचे.