युद्धकाळातील मालवाहू आगबोट : बांधणी, कार्य आणि निगा

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनला लागणारे धान्य, इंधन व शस्त्रास्त्रे मुख्यतः समुद्रमार्गे येत असत. जर्मन पाणबुड्या मालवाहू जहाजे बुडवीत होत्या आणि नेहमीच्या गतीने नवी जहाजे बांधून ही हानी भरून निघणे अशक्य होते. या निकडीतून अमेरिकेने ‘लिबर्टी’ वर्गाच्या आगबोटी बांधावयास घेतल्या. १९४१ ते १९४५ या काळात अशा २,७१० बोटी पाण्यात उतरल्या.

सोपी रचना, जलद बांधणी

बोटीचा मूळ आराखडा ब्रिटिश होता. सुमारे ४४१ फूट लांबीच्या या बोटीत मालासाठी पाच कोठारे होती व ती दहा हजार टनांच्या आसपास भार वाहून नेई. वेग ताशी ११ सागरी मैल, म्हणजे सुमारे २० किलोमीटर एवढाच होता. आधुनिक टर्बाइन यंत्रे युद्धनौकांसाठी राखून ठेवावी लागत असल्याने येथे २,५०० अश्वशक्तीचे जुन्या पद्धतीचे वाफेचे इंजिन बसविले गेले. त्यात एकच वाफ क्रमाने तीन सिलिंडरांतून काम करीत जाते. असे इंजिन अनेक कारखान्यांत तयार करता येई आणि ते चालविणाऱ्यांना शिकविणेही सोपे जाई.

पत्रे रिव्हेटांनी जोडण्याऐवजी वेल्डिंगने जोडण्यात आले. मोठे भाग अन्यत्र तयार करून गोदीत एकत्र जोडले जात. या कामात स्त्रियांचा वाटा मोठा होता. पहिल्या बोटीस सुमारे आठ महिने लागले; पुढे हा काळ सरासरी सहा आठवड्यांवर आला.

घाईची किंमत

काही बोटींना थंड समुद्रात अकस्मात तडे गेले, काही तर दुभंगल्या. केंब्रिजच्या कॉन्स्टन्स टिपर यांनी दाखवून दिले की, वापरलेले पोलाद थंडीत ठिसूळ होते. वेल्डिंगच्या अखंड जोडणीमुळे एका ठिकाणचा तडा थांबत नसे. पुढे रचनेत सुधारणा करण्यात आल्या.

याच ब्रिटिश आराखड्याच्या कुळातील ‘फोर्ट स्टिकाइन’ ही बोट कॅनडात १९४२ मध्ये बांधली गेली. तिच्यात स्फोटके आणि कापूस एकाच वेळी भरलेले होते. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत तिला आग लागून भीषण स्फोट झाले. शेकडो माणसे मृत्युमुखी पडली; त्यांत अग्निशमन दलाचे ६६ जवान होते. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो. बोट कितीही भक्कम असली, तरी माल भरण्यातील हयगय ती सोसू शकत नाही, हे या दुर्घटनेने दाखविले.

एका बोटीचे दीर्घ आयुष्य

या बोटी पाच वर्षे टिकल्या तरी पुरे, असा मूळ हिशेब होता. प्रत्यक्षात युद्धानंतर ग्रीक व्यापाऱ्यांसह अनेकांनी त्या विकत घेऊन वर्षानुवर्षे चालविल्या. ‘जेरेमाया ओब्रायन’ ही बोट १९४३ मध्ये मेन राज्यातील साउथ पोर्टलंड येथे बांधली गेली. १९४४ मध्ये फ्रान्समध्ये उतरलेल्या सैन्याला सामग्री पोहोचविण्यासाठी तिने इंग्लंड ते नॉर्मंडी अशा अकरा खेपा केल्या. १९४६ पासून ती कॅलिफोर्नियातील सुइसून उपसागरात इतर राखीव जहाजांसमवेत उभी राहिली. तेहतीस वर्षांनी, १९७९ मध्ये, स्वयंसेवकांनी तिचे बॉयलर पुन्हा पेटविले आणि ती स्वतःच्या वाफेवर तेथून बाहेर पडली. १९९४ मध्ये ती पुन्हा नॉर्मंडीस जाऊन आली. मे २०२० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या धक्क्यावर लागलेल्या आगीतून अग्निशमन दलाने तिला वाचविले.

या बोटीची यंत्रसामग्री साधी आहे; म्हणूनच तिची दुरुस्ती जाणत्या हातांना शक्य झाली. तथापि, दुरुस्तीयोग्य असणे पुरेसे नसते. तेल देणे, गंज काढणे, झडपा तपासणे ही कामे कोणीतरी नेमाने करावी लागतात. पाच वर्षांच्या हिशेबाने बांधलेली बोट अर्धशतकानंतरही महासागर ओलांडू शकली, याचे श्रेय बांधणाऱ्यांइतकेच तिची निगा राखणाऱ्यांनाही द्यावे लागेल.