टँकरवाल्याच्या घरी झोप जपा

रात्रीचे अडीच वाजलेले असतात. वस्तीत कुत्र्यांशिवाय कोणी जागे नसते. अशा वेळी उशाशी ठेवलेला मोबाइल वाजतो आणि पलीकडून मालकाचा माणूस एवढेच सांगतो, "गाडी काढ. उजाडायच्या आत डेपोवर नंबर लागला पाहिजे." अंगावरचा कालचा घाम अजून पुरता वाळलेला नसतो. घरची बाई उठते, फडक्यात दोन भाकरी आणि ठेचा बांधते. म्हातारी माय अंधारातूनच विचारते, "आत्ता तर आला होतास ना रे?" तिला उत्तर न देताच आम्ही बाहेर पडतो.

आम्ही टँकर चालवणारी माणसे. आमच्यापैकी कोणी नांदेडचा, कोणी लातूरचा, कोणी अहमदपूर-लोह्याकडच्या खेड्यातला. कोणाचा बाप सालगडी होता, कोणाचा हमाल. आम्ही स्टिअरिंग धरले तेव्हा घरच्यांना वाटले, पोराच्या हाताला काम लागले. काम लागले हे खरेच. पण या कामात आमच्याकडून घामाइतकीच झोपही वसूल केली जाते, हे घरच्यांना कोणी सांगितले नाही. तेच आज सांगायचे आहे.

सोलापूरजवळ पाकणीला तेल कंपन्यांचे डेपो आहेत. तिथून भरलेला टँकर तुळजापूर, औसा करत लातूरला येतो. पुढे चाकूर, अहमदपूर, लोहा हा नांदेडचा रस्ता. नकाशात हे अंतर फार दिसत नाही. पण आमचा दिवस नुसत्या किलोमीटरने मोजता येत नाही. डेपोवर रांग असते. आत जाताना काडीपेटी, बिडी, मोबाइल यांची झडती होते. भरण्याच्या जागी इंजिन बंद करून टाकीला अर्थिंगची तार लावायची, कारण पेट्रोलच्या वाफेला एक ठिणगी पुरते. मग कप्प्याकप्प्याने माल भरणे, दांडी टाकून माप पाहणे, सील लावणे, चलन घेणे. पंपावर पोचल्यावर हेच सगळे उलट्या क्रमाने. या रांगेत चार-पाच तास गेले तरी मालकाच्या हिशेबात ते काम धरत नाहीत. त्याच्या वहीत फक्त खेप असते. खेपेमागे पैसे, खेपेमागे भत्ता. म्हणून आम्हीही झोपेऐवजी खेपच मोजायला शिकलो.

टँकर हा साध्या मालट्रकसारखा नसतो, हेही घरच्यांनी समजून घ्यावे. बारा हजार लिटर डिझेल म्हणजे जवळजवळ दहा टन वजन, आणि तेही हलते. पोत्यांचा ट्रक ब्रेक मारला की पोत्यांसकट थांबतो. टँकर थांबतो, पण आतला माल थांबत नाही. तो पुढच्या पत्र्यावर आदळतो आणि गाडीला ढकलतो. वळणावर तो बाहेरच्या बाजूला झुकतो आणि गाडीला आडवी करू पाहतो. म्हणून तर टाकीत वेगवेगळे कप्पे केलेले असतात. अर्धवट भरलेला कप्पा सर्वांत वाईट. अशी गाडी डोळे उघडे ठेवून सांभाळणे कठीण, मग पेंगत असताना काय होईल? ताशी साठच्या वेगाने गाडी एका सेकंदात सुमारे सतरा मीटर जाते. चार सेकंदांची डुलकी लागली तर तेवढ्यात पासष्ट-सत्तर मीटर रस्ता ड्रायव्हरविना सरकलेला असतो.

आमच्यातल्या एका भावाचे असेच झाले. सलग दोन रात्री जागून तो तिसऱ्या खेपेला निघाला होता. चाकूरच्या पुढे पहाटे चारच्या सुमारास डोळा लागला. टँकर रिकामा होता म्हणून तो वाचला, पण पाय गेल्यातच जमा झाला. मालकाने गाडीचा विमा मिळवला. आमच्या भावाला मात्र ऐकवले, "तुला झोप आली होती तर बाजूला लावायची होतीस." पण दोनच दिवसांपूर्वी बाजूला लावून तासभर झोपल्याबद्दल त्याचाच भत्ता कापला होता, ही गोष्ट कोणी बोलले नाही.

कापण्याचा आणखी एक प्रकार आहे, त्याला धंद्यात शॉर्टेज म्हणतात. पेट्रोल उन्हात फुगते, गारव्यात आकसते. बारा हजार लिटर पेट्रोल एका अंशाने थंड झाले तरी साधारण बारा लिटरचा फरक पडतो. म्हणून चलनावर घनता लिहितात, ती तपासून हिशेब करायचा असतो. तरीही दांडीवर माप कमी दिसले की पुष्कळदा बोट ड्रायव्हरकडेच जाते. चोरी न करता चोर ठरायचे आणि ते पैसे भरून काढायला आणखी एक खेप मारायची. म्हणजे पुन्हा झोपेवरच घाला.

पाण्याच्या टँकरवर असलेल्या आमच्या भावांची कथा वेगळी नाही. २०१६ चा उन्हाळा लातूरकर विसरलेले नाहीत. मांजरा धरण आटले, पाण्यावरून भांडणे होऊ नयेत म्हणून पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लावावी लागली. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला आली, दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी घेऊन. रेल्वे स्टेशनात येते, पण घागरीपर्यंत टँकरच जातो. त्या दिवसांत आमच्या माणसांनी रात्रंदिवस फेऱ्या केल्या. चवदार तळ्याची लढाई ज्या घरांत लेकरांना सांगितली जाते, त्या घरांतल्या ड्रायव्हरला रांगेतल्या रिकाम्या हंड्याची किंमत वेगळी समजावून द्यावी लागत नाही. समोर दोनशे हंडे उभे असताना "मला झोप आली आहे" असे कोणत्या तोंडाने म्हणणार? दुष्काळ ओसरला, पण झोप मागायची लाज मात्र आमच्या अंगात राहून गेली.

ती लाज आता सोडली पाहिजे. कारण विश्रांती हा आमचा हक्क आहे. १९४२ ते १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. १९४६ साली कारखान्यातील कामाचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला, तो त्यांनी मांडलेल्या विधेयकामुळे. पुढे १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने ड्रायव्हरलाही दिवसाला आठ तास आणि आठवड्याला ४८ तास ही मर्यादा घातली. लांब पल्ल्याच्या मार्गांवर परवानगीने दहा तास, आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विसावा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या. जुना कायदा त्यांत सामावला गेला, तरी दिवसाचे आठ तास तिथेही कायम आहेत. कायदा कागदावर आहे. तो आमच्या केबिनमध्ये अजून चढलेला नाही.

शिक्षा मात्र लवकर चढते. डिसेंबर २०२३ मध्ये मंजूर झालेल्या न्याय संहितेत, अपघात करून न कळवता पळून गेलेल्या ड्रायव्हरला दहा वर्षांपर्यंत कैदेचे कलम आले. जानेवारी २०२४ च्या सुरुवातीला देशभर ड्रायव्हरांनी गाड्या उभ्या केल्या आणि पंपांपुढे रांगा लागल्या. १ जुलै २०२४ ला संहिता लागू झाली तेव्हा ते पोटकलम बाजूला ठेवले गेले. अपघातग्रस्ताला टाकून पळणे वाईटच, त्याचे आम्ही समर्थन करत नाही. पण ड्रायव्हर किती तास जागा होता, हा प्रश्न मालकालाही विचारला जावा, एवढेच आमचे म्हणणे.

आता दोन गोष्टी जिवाच्या. टँकर उलटला तर बादल्या घेऊन कधी धावू नका. २५ जून २०१७ रोजी पाकिस्तानात बहावलपूर जिल्ह्यात पेट्रोलचा टँकर उलटला. तेल गोळा करायला गरीब माणसे जमली, भडका उडाला आणि दोनशेहून अधिक जीव गेले. त्या गावाचे नावही अहमदपूरच होते. दुसरी गोष्ट, रिकामी टाकी धुवायला कोणी आत उतर म्हणाले तर उतरू नका. रिकाम्या टाकीत वाफ कोंडलेली असते. आत गेलेला माणूस हाक मारण्याआधी कोसळतो, आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही.

माता-भगिनींनो, बाकीचे तुमच्या हातात आहे. आपला माणूस खेपेवरून आला की पडदा ओढा, टीव्ही बंद ठेवा, लेकरांना शेजारी खेळायला पाठवा. दिवसा झोपणाऱ्याला आळशी म्हणू नका. गाडी चालू असेल तेव्हा फोन करू नका, तो थांबल्यावर स्वतः करील. घरात एक वही ठेवा. तो कधी निघाला, कधी आला, हे रोज तारखेसह लिहा. शाळेत जाणारी मुलगीही हे काम करू शकते. उद्या काही बरेवाईट झाले तर नुकसानभरपाई मागताना ती वही उपयोगी पडेल. लायसन्सवर धोकादायक मालाची नोंद आहे का, तिची मुदत संपली नाही ना, भविष्यनिर्वाह निधी भरला जातो का, हे विचारा. २०२५ पासून नव्याने तयार होणाऱ्या मोठ्या मालगाड्यांत थंड हवेची केबिन सक्तीची झाली आहे. आमच्या हाती मात्र अजून जुन्याच गाड्या आहेत आणि मे महिन्यात त्या भट्टीसारख्या तापतात. म्हणून घरची झोप अधिकच मोलाची.

आणि रात्री अडीचला फोन वाजला, माणूस चारच तासांपूर्वी आलेला असला, तर एकदा तुम्ही फोन घ्या. सांगा, "ते झोपलेत. सकाळी आठला येतील." मालक रागावेल. एखादी खेप दुसऱ्याला जाईल. आम्ही स्वतः हे बोलायला कचरतो, आमच्या घरातून ते बोलले गेले तर आम्हालाही बळ येईल. दहा घरांतून एकच उत्तर गेले की अकराव्याला धीर येतो. संघटना याहून वेगळी कुठे असते?