गाव की फॅक्टरी? खान्देशात वस्तीला नाव देतो कोण, आणि टिकतं कोणतं?

वरणगाव : वरणगावला जायचं म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, गाव की फॅक्टरी? १९६४ मध्ये इथे ऑर्डनन्स फॅक्टरी उभी राहिली. नोकरीसाठी बाहेरगावचे लोक आले, क्वार्टर्स झाली आणि एकाच नावाच्या दोन वस्त्या तयार झाल्या. २०२१ पासून हा कारखाना म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीकडे आहे. बोलण्यात मात्र ती अजून 'फॅक्टरी'च.

कागदावरचं नाव आणि तोंडातलं नाव यांचा हा झगडा खान्देशाला नवा नाही. फारुकी सुलतान नासिर खान याने तापीकाठी शहर वसवलं आणि सूफी संत बुऱ्हानुद्दीन यांच्यावरून त्याला बुऱ्हाणपूर म्हटलं. ते टिकलं. पुढे १६०१ मध्ये अकबराने असीरगड जिंकला आणि मुलगा दानियाल याच्यावरून खान्देशचं 'दानदेश' केलं. ते बादशहाचं फर्मान असूनही रुजलं नाही. उलट १९६० मध्ये पूर्व आणि पश्चिम खान्देश जिल्ह्यांची नावं बदलून जळगाव आणि धुळे झाली. आज खान्देश नावाचा एकही जिल्हा नाही, तरी लग्नपत्रिकेपासून भरताच्या हॉटेलपर्यंत खान्देशच चालतो.

एदलाबादचं मुक्ताईनगर मात्र लोकांनी स्वीकारलं. कारण उघड आहे. संत मुक्ताईचं कोथळीचं मंदिर शेजारीच आहे आणि वारकऱ्यांच्या तोंडी ते नाव आधीपासून होतं.

धुळ्यात आकडे कसे?

निंभोरा, पिंपळगाव, वडगाव ही झाडांवरून पडलेली नावं. धुळ्यात मात्र पत्ता असतो गल्ली नंबर चार, गल्ली नंबर पाच. ठरवून आखलेल्या शहरात असं होतं. अमेरिकेत विल्यम पेनने १६८२ मध्ये फिलाडेल्फिया आखलं, तेव्हा उभ्या रस्त्यांना आकडे मिळाले आणि आडव्यांना चेस्टनट, वॉलनट, पाइन अशी झाडांची नावं. म्हणजे तिथे एकाच नकाशात निंभोराही आहे आणि गल्ली नंबर पाचही.

धुळ्याची आखणी कॅप्टन जॉन ब्रिग्जची. पेशवाई संपल्यावर खान्देश इंग्रजांकडे गेला आणि ब्रिग्जने जिल्ह्याचं ठाणं म्हणून धुळे निवडलं. ठिकाण मध्यवर्ती होतं. मुंबई-आग्रा आणि सुरत-बुऱ्हाणपूर या दोन्ही वाटा तिथून जात. १८१९ मध्ये वस्ती होती अवघी ४०१ घरं आणि २,५०९ माणसं. व्यापारी येऊन राहावेत म्हणून घराच्या जागा कायमच्या बिनभाड्याने दिल्या, बांधकामाला आगाऊ रक्कमही दिली. आजच्या एमआयडीसीत उद्योगांना सवलती देतात, तसाच हा प्रकार.

मग विश्वेश्वरय्यांचं काय? धुळे त्यांनी आखलं असं सोशल मीडियावर आणि भाषणांतही हमखास सांगितलं जातं. तारखा जुळत नाहीत. ते सरकारी नोकरीत आले १८८४ मध्ये. नव्या धुळ्याच्या सरळ रस्त्यांची नोंद तर १८८० च्या खान्देश गॅझेटियरमध्येच आहे. धुळे जिल्ह्यात त्यांनी केलेलं काम वेगळं आहे आणि कमी नाही. पांझरेच्या खोऱ्यात दातर्तीजवळ त्यांनी पाण्यासाठी पाइप सायफन बसवला. नोकरीतल्या सुरुवातीच्या कामांपैकी ते एक. शहराच्या आखणीचं श्रेय त्यांना देताना हे खरं काम मात्र कुणी सांगत नाही.