अंतर कोणी कोणापासून ठेवायचं?

मंडळी, विषय आहे साथीच्या काळातली आपली सार्वजनिक वागणूक. इथे बसलेले बहुतेक जण उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरचे, म्हणजे लोकलच्या वेळापत्रकावर जगणारे. तेव्हा लोकलपासूनच सुरुवात करू.

गर्दीत 'जरा सरका' म्हटलं की बाकावरचे तिघे सरकतात आणि चौथा अर्धं अंग टेकवतो. हा आपला अलिखित नीतिनियम. २२ मार्च २०२० ला जनता कर्फ्यू झाला, लोकल थांबली. १५ जूनला ती फक्त अत्यावश्यक सेवेतल्या लोकांसाठी सुरू झाली, तेव्हा बाराशे बसतील अशा गाडीत सातशेच बसवायचे असं ठरलं. नियम उलटा झाला. जवळ घेणं हा धोका आणि लांब बसणं हे सौजन्य!

इथपर्यंत माझी तक्रार नाही. पण शब्द कोणता वापरला, तर 'सामाजिक अंतर'. आपल्या देशात हा शब्द उच्चारताना जीभ अडखळायला हवी होती. जागतिक आरोग्य संघटनाही मार्च २०२० मध्येच 'शारीरिक अंतर' म्हणू लागली होती. आपण मात्र जुनाच शब्द चालवला, कारण सोवळं-ओवळं आपल्याला सवयीचं.

मग काळजी कुठली आणि विटाळ कुठला, हे ओळखायचं कसं? मी एक साधी कसोटी लावतो: अंतर दोन्ही बाजूंनी आहे का? कापडी मास्क घ्या. तो मुख्यतः माझ्या तोंडातले तुषार तुमच्यापर्यंत जाऊ नयेत म्हणून असतो. मी तुमच्यासाठी लावतो, तुम्ही माझ्यासाठी. ही परस्परता आहे. विटाळात ती नसते. तिथे नियम एकानं करायचा आणि पाळायचा दुसऱ्यानं.

आता माझी गोष्ट सांगतो, सांगायला बरी नाही. आमच्या सोसायटीत एक परिचारिका राहतात. मुंबईत ड्यूटी. लोकल बंद असताना पहाटे एसटीनं जायच्या, रात्री यायच्या. बावीस मार्चला संध्याकाळी पाच वाजता आम्ही सगळ्यांनी गॅलरीत उभं राहून त्यांच्यासारख्यांसाठी थाळ्या वाजवल्या. महिन्याभरात सोसायटीच्या ग्रुपवर ठराव आला, की मुंबईला कामाला जाणाऱ्यांनी लिफ्ट वापरू नये, जिन्यानं जावं. त्या पाचव्या मजल्यावर. बाजारात मास्क न लावता हिंडणाऱ्यांना लिफ्ट खुली. मी आयुष्यभर वर्गात कांट शिकवला, माणसाला केवळ साधन मानू नका म्हणून. आणि त्या दिवशी ग्रुपवर मी काहीच लिहिलं नाही. तिची सेवा हवी, ती शेजारी नको, याला 'केवळ साधन' नाही तर काय म्हणायचं?

कायदा आमच्यापेक्षा पुढे होता. २२ एप्रिल २०२० च्या अध्यादेशानं आरोग्यसेवकांच्या राहण्यावर वा कामावर परिणाम होईल असा त्रास देणं हाही गुन्हा ठरवला. ज्या कायद्यात ही दुरुस्ती झाली, तो १८९७ चा, प्लेगच्या वेळचा. त्या कायद्यात सरकारला अधिकार होते, माणसाच्या मानाबद्दल चकार शब्द नव्हता. पुण्यात गोरे सोजीर घराघरांत घुसले, त्याचा संताप रँडच्या खुनापर्यंत गेला. त्याच वर्षी, त्याच पुण्याजवळ, सावित्रीबाई फुले मुंढव्याहून प्लेग झालेल्या मुलाला पाठीवर घेऊन यशवंतरावांच्या दवाखान्यात आल्या आणि १० मार्चला प्लेगनंच गेल्या. मूल अस्पृश्य समाजातलं होतं. एवढं धैर्य मी कोणाकडून मागत नाही. आमच्याकडे प्रश्न फक्त लिफ्टचा होता.

ठराव पुढे कोणी मागेही घेतला नाही, नुसता विसरला गेला. गेल्या वर्षी जिन्यात त्या बाई भेटल्या, तेव्हा मी विषय काढला. त्या म्हणाल्या, "सर, आता जाऊ द्या, मला जिन्याची सवय झाली." आणि वर निघून गेल्या.

बरं, प्रश्न घेऊ या. मागच्या रांगेतून हात वर आहे.